जानुकपालिकेचा संधी : निदानातील दोन विरुद्ध गफलती आणि चिकित्सा

जानुशूलाचा रुग्ण आपल्यापैकी कोणाच्याही चिकित्सालयाला नवा नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात तर दिवसभरातील रुग्णांमध्ये दोन-चार तरी गुडघ्याचे असतातच. रुग्ण खुर्चीवर बसायच्या आत ‘संधिगत वात’ हे निदान आपल्या लेखणीच्या टोकाशी येऊन थांबलेले असते आणि गुग्गुळाचा एखादा कल्प, एखादे तैल व सात दिवसांचा जानुबस्ती असा ठरीव आराखडा कागदावर उतरतो. पुष्कळांना त्याने उपशय मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना मिळत नाही त्यांची परीक्षा आम्ही गेली काही वर्षे नव्याने करू लागलो, तेव्हा त्यांतील बऱ्याच जणांचा शूल ऊरू आणि जंघा यांच्या सांध्यात नसून गुडघ्याची वाटी आणि ऊर्वस्थी यांच्या सांध्यात असल्याचे आढळले. प्रस्तुत लेख या दुसऱ्या, छोट्या संधीविषयी आहे.

या संधीबाबत निदानाच्या दोन गफलती होतात आणि त्या परस्परविरुद्ध दिशांच्या आहेत. पंचविशीतील मुलीच्या गुडघ्यात काहीही झिजलेले नसताना तिला ‘झीज झाली’ असे सांगितले जाते. उलट पंचावन्न वर्षांच्या गृहिणीच्या वाटीमागील तरुणास्थी खरोखर विरलेली असताना समोरून घेतलेला क्ष-किरण पाहून तिला ‘सर्व ठीक आहे’ असे सांगितले जाते. दोघींचेही नुकसान होते. पहिली पळणे-चढणे सोडते, मांडीचे मांस गमावते आणि वजन वाढवून बसते. दुसरी आपले दुखणे मनाचेच असावे असे समजून सोसत राहते.

शास्त्रातील जानुकपालिका

या अस्थीची नोंद आपल्या संहितांनी घेतलेली आहे. चरकाचार्यांनी अस्थिगणनेत दोन जानूंबरोबर दोन जानुकपालिका वेगळ्या मोजल्या आहेत. सुश्रुताचार्यांनी कपाल प्रकारच्या अस्थींची स्थाने सांगताना जानूचा उल्लेख केला आहे. संधींच्या आठ प्रकारांत मात्र जानु हा कोर, म्हणजे बिजागरीसारखा, संधी म्हणून येतो. ऊरू आणि जंघा यांच्या जोडणीला हे वर्णन चपखल बसते. कपालिकेची हालचाल बिजागरीची नसते. ती ऊर्वस्थीच्या खालच्या टोकावरील खाचेतून वर-खाली सरकते, विहिरीच्या रहाटावरून दोर सरकावा तशी. म्हणून एकाच जानूमध्ये वेगवेगळ्या स्वभावाचे दोन संधी नांदतात, असे मानून परीक्षा करणे आम्हांस अधिक उपयुक्त वाटते.

जानु हे वैकल्यकर मर्म असून त्याच्या आघाताने खंजता येते, हे आपण सर्वांनी प्रथम वर्षातच पाठ केलेले असते. त्याच्या वर तीन अंगुळांवर सांगितलेल्या आणि मर्माकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते. त्याच्या आघाताचे परिणाम शोफाची वृद्धी आणि मांडीची स्तब्धता असे सांगितले आहेत. जानुसंधीची श्लेष्मधरा कला कपालिकेच्या वर साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पिशवीसारखी पसरलेली असते आणि सांध्यात द्रव साठला की पहिला फुगवटा तेथेच दिसतो. आचार्यांना नेमके काय अभिप्रेत होते, या वादात आम्ही शिरत नाही. गुडघा तपासताना हात तीन अंगुळे वर न्यावा, एवढा व्यवहारी बोध आम्ही त्यातून घेतला आहे.

कपालिकेच्या मागील पृष्ठावर तरुणास्थीचे जे अस्तर असते, ते शरीरातील सर्वांत जाड अस्तरांपैकी एक आहे. निसर्गाने ते तेथे का घातले, हे १९७२ साली रायली आणि मार्टेन्स यांनी मांडलेल्या गणितावरून कळते. सपाट रस्त्यावर चालताना या संधीवर देहभाराच्या साधारण निम्मा दाब येतो, जिने चढता-उतरताना तो सुमारे ३.३ पट होतो आणि पूर्ण उकिडवे बसून उठताना सुमारे ७.८ पट. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या वाटीमागे चालताना ३० किलो, जिन्यात २०० किलोच्या आसपास आणि उकिडव्या स्थितीत ४७० किलोच्या आसपास भार येतो. ‘मी सपाटीवर कितीही चालते हो, पण जिना उतरवत नाही,’ हे वाक्य उच्चारून रुग्णाने निदानाचा निम्मा भाग स्वतःच केलेला असतो.

आता आपल्या परिसराकडे पाहावे. डोंबिवली-कल्याणात तीन-चार मजली, उद्वाहक नसलेल्या इमारती अद्याप पुष्कळ आहेत. नोकरदार माणूस सकाळी तो जिना उतरतो, स्थानकाचा पूल चढतो, फलाटावर उतरतो. पुढे लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्धवट टेकतो, गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना भिडवून तासभर दुमडलेले ठेवतो, आणि मग पुन्हा पूल. संध्याकाळी हाच क्रम उलट. स्थानकांवर सरकते जिने आणि उद्वाहक आले आहेत खरे, पण गर्दीच्या वेळी त्यांच्या रांगेत उभे राहण्याइतका धीर कोणाकडे असतो? नव्या वसाहतींतील मंडळींना हा त्रास नाही असेही नाही. घोडबंदर रस्त्यावरील संकुलांच्या व्यायामशाळांत पायाला वजन लावून गुडघा सरळ करण्याच्या यंत्राने दुखणे ओढवून घेतलेले तरुण आमच्याकडे येतात. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन जवळ आली की अचानक धावायला लागलेल्यांची त्यांत भर पडते.

रुग्ण काय सांगतो

वेदना कोठे, असे विचारल्यावर या विकाराचा रुग्ण एका बोटाने जागा दाखवत नाही. तो संपूर्ण तळहात वाटीवर ठेवतो किंवा ‘वाटीच्या मागे, आत कोठेतरी’ असे म्हणतो. जिने उतरताना, उकिडवे बसताना आणि बराच वेळ गुडघा दुमडून बसल्यानंतर शूल वाढतो. शेवटचे लक्षण आम्ही विशेष विचारतो. गडकरी रंगायतनात किंवा अत्रे रंगमंदिरात नाटक पाहताना पहिला अंक संपेतो गुडघा कळा देऊ लागतो आणि पाय लांब करण्यासाठी रुग्ण कडेची खुर्ची मागतो, हा इतिहास बोलका आहे. उठल्यावर दोन-चार पावले आखडलेली, मग मोकळी.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतिपत्रातही दुमडलेल्या गुडघ्यावर भार पडणाऱ्या कृतींनी वाढणारी, वाटीभोवतीची किंवा वाटीमागची वेदना, हीच या विकाराची व्याख्या ठरवली आहे. व्याख्येत क्ष-किरण नाही आणि ‘कटकट’ आवाजही नाही. आवाजाविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण रुग्ण वेदनेपेक्षा त्यालाच अधिक भितात. वेदना व शोथ नसताना येणारा संधिस्फुटनाचा आवाज पूर्णतः निरोगी गुडघ्यांतही आढळतो. ‘वंगण संपले’ ही उपमा आपण वैद्यांनीही फार सढळ हाताने वापरली आहे. श्लेषक कफाचा क्षय हे निदान कानाने ऐकून करण्याचे नाही.

आणखी एक गोष्ट. तरुणास्थीला वेदनावाहक नाड्या नसतात. वेदना तिच्याखालील अस्थी, वाटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायुबंध, वाटीखालील मेदाची गादी आणि श्लेष्मधरा कला यांतून उठते. त्यामुळे झीज आणि वेदना यांचे प्रमाण जुळेलच असे नाही. फार झीज असूनही कमी दुखणारे आणि काडीचीही झीज नसताना बेजार झालेले, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण आपण पाहतो, त्याचे कारण येथे आहे.

परीक्षा

गुडघा झाकलेला असताना केलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे. दोन्ही मांड्या मध्यापर्यंत उघड्या असाव्यात. स्त्री रुग्णांसाठी सैल आखूड पायजमा चिकित्सालयात ठेवावा आणि परिचारिका सोबत असावी. प्रथम रुग्णाला उभे करून पायांची ठेवण पाहावी. गुडघे आत वळलेले आहेत का, तळपायाची कमान बसलेली आहे का, एका मांडीचे मांस दुसरीपेक्षा कमी आहे का. मोजपट्टीने वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजून नोंदवावा. हीच नोंद पुढे चिकित्सेचे माप ठरते.

त्यानंतर रुग्णाला आधाराने हळूहळू उकिडवे बसण्यास सांगावे. या एका कृतीने वाटीच्या जागी ओळखीचा शूल उठला, तर इतर अनेक चाचण्यांहून तिचे मोल अधिक आहे. वाटी दाबून धरून मांडी आवळायला लावण्याची जुनी चाचणी आम्ही सोडून दिली आहे, कारण निरोगी माणूसही तीत ओरडतो. उकिडवे बसवत नसेल तर वीतभर उंचीच्या पाटावरून एका पायाने सावकाश खाली उतरवावे. उतरताना गुडघा आत झुकतो का आणि कंबर एका बाजूला पडते का, हे समोरून पाहावे. गुडघा आत झुकत असेल तर दोष केवळ गुडघ्यात नाही. नितंबाच्या बाजूच्या मांसपेशी दुर्बल आहेत.

मग रुग्णास झोपवून, पाय पूर्ण सैल असताना, वैद्याने स्वतः गुडघा दुमडावा. संधिगत वातात प्रसारण-आकुंचनाच्या वेळी वेदना सांगितली आहे. कपालिकेच्या विकारात भाराशिवाय केलेले आकुंचन पुष्कळदा वेदनारहित असते आणि तेच आकुंचन उभ्याने, भारासह केले की दुखते. हा भेद आम्हांला फार उपयोगी पडला आहे. वाटीच्या कडा, तिच्या खालच्या टोकाशी जोडलेली कंडरा आणि जंघास्थीवरील उंचवटा यांवर बोटाने स्पर्शासहत्व पाहावे. बारा ते पंधरा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांत केवळ त्या उंचवट्यावरच दुखत व सुजत असेल तर तो वाढीच्या वयाचा विकार असतो, आणि खेळ थोडा आवरला की कालांतराने शमतो. लादी पुसणाऱ्या स्त्रियांत वाटीच्या पुढे, त्वचेखाली मऊ गोळा येतो. तो सांध्याबाहेरचा शोथ असतो. त्यास जानुबस्तीची नव्हे, गुडघा न टेकण्याची गरज असते.

वाटी बाहेरच्या बाजूस सरकवू लागताच रुग्ण दचकून आपला हात धरतो, तेव्हा वाटी पूर्वी कधी निसटली होती का, हे विचारावे.

क्ष-किरण प्रत्येकाला लागत नाही. लागल्यास समोरून आणि बाजूने घेतलेल्या दोन चित्रांवर थांबू नये. गुडघा दुमडवून वाटी व खाच यांच्यामधील फट दाखवणारे तिसरे चित्र, ज्यास क्ष-किरणवाले ‘स्कायलाईन’ म्हणतात, ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून मागवावे. न मागितल्यास ते कोणी काढत नाही. वर उल्लेखिलेल्या पन्नाशीपुढील गृहिणीचे निदान याच चित्रात असते. ऊरू-जंघा संधीची फट उत्तम राखलेली आणि वाटीची बाहेरील बाजू खाचेला टेकलेली, असे चित्र पाहिल्यावर तिला जिना का उतरवत नाही, याचे उत्तर मिळते. चित्र डोळ्यांसमोर धरून तिला ते दाखवल्यावर ‘म्हणजे मला खरेच काहीतरी आहे’ असा सुस्कारा टाकणाऱ्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत.

जे जानुशूल आपले नव्हेत

काही रुग्णांना तैल लावण्यापूर्वीच ओळखावे लागते. वातरक्तात आणि आमवातात संधिशोथाचा इतिहास, इतर सांध्यांचा सहभाग आणि ज्वर, अरुची, गौरव ही लक्षणे आपल्याला सावध करतात. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर ज्वरोत्तर संधिशूलही आपल्या परिचयाचा झाला आहे. क्रोष्टुकशीर्षाचे जे वर्णन आहे, मोठा, अतिरुजायुक्त, कोल्ह्याच्या डोक्यासारखा गुडघा, तसा तांबडा, उष्ण, सुजलेला गुडघा ज्वरासह आल्यास सांध्यात पूय नाही याची खात्री त्याच दिवशी व्हावयास हवी. तेथे लेप लावून ‘उद्या पाहू’ म्हणणे घातक आहे. लहान मुलग्याचा गुडघा किरकोळ माराने वारंवार सुजत असेल, तर रक्त गोठण्याच्या तपासण्या झाल्याविना जलौका हातात घेऊ नयेत.

पडल्यानंतर रुग्णाला झोपून सरळ पाय उचलता येत नसेल, तर वाटी भंगली आहे किंवा तिची कंडरा तुटली आहे असे समजून अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. गोविंदा पथकांतील तरुण दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी ‘मुका मार’ म्हणून येतात, त्या वेळी ही साधी चाचणी विसरू नये.

मुलांबाबत आमचा आग्रह अधिक आहे. काही वर्षांपूर्वी कल्याणजवळच्या एका गावातून चौदा वर्षांचा स्थूल मुलगा लंगडत आमच्याकडे आला. दुखणे गुडघ्याचे, दोन महिन्यांचे. एका ठिकाणी गुडघ्यावर स्नेहन-स्वेदन चालू होते. गुडघ्यात काहीच सापडेना. पाय कंबरेत आत वळवू गेलो तर वळेना आणि मुलगा कळवळला. कटिसंधीच्या क्ष-किरणात ऊर्वस्थीचे डोके आपल्या जागेवरून घसरलेले होते. त्याच दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि शस्त्रक्रिया होऊन तो चालू लागला. वाढत्या वयातील प्रत्येक जानुशूलात कटिसंधी तपासलाच पाहिजे. त्याचप्रमाणे रात्री झोपेतून उठवणारी, विश्रांतीने न थांबणारी, एकाच बाजूची वेदना आणि गुडघ्याच्या वर किंवा खाली टणक वाढ असेल तर एकही दिवस न दवडता चित्रण करावे. अस्थ्यर्बुदांची सर्वांत आवडती जागा गुडघ्याभोवतीचीच आहे आणि तेथे मर्दन करणे हा अपराध ठरेल.

चिकित्सा

सुश्रुताचार्यांनी स्नायू, संधी व अस्थिगत वातासाठी स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि उन्मर्दन सांगितले आहे. यांतील बंधनाचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे. गंमत अशी की १९८६ साली जेनी मॅककॉनेल या ऑस्ट्रेलियन भौतिकोपचारतज्ज्ञ स्त्रीने वाटीला चिकटपट्टीने विशिष्ट दिशेस ओढून बांधण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पट्टीने वाटीची जागा कायमची बदलते असे नव्हे. पण तात्पुरता शूल कमी होतो, रुग्ण व्यायाम करू शकतो, आणि खरे काम तो व्यायाम करतो. आम्ही जाड सुती पट्टा किंवा चिकटपट्टी पहिले काही आठवडे वापरतो.

व्यायाम हेच या विकाराचे मुख्य औषध आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या काही वैद्यमित्रांना हे भौतिकोपचाराचे क्षेत्र वाटते. व्यायामाची मात्रा अर्धशक्तीपर्यंत, ऋतू व बल पाहून ठरवावी असे ज्या शास्त्राने सांगितले, त्याने तो दुसऱ्याच्या हवाली का करावा? आरंभी गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती दहा अंक मोजेपर्यंत दाबणे. सरळ पाय वीतभर उचलून धरणे. कुशीवर झोपून वरचा पाय मागील दिशेस राखून उचलणे. हा शेवटचा व्यायाम नितंबासाठी असून तो कधीही गाळू नये. दोन-तीन आठवड्यांनी भिंतीला पाठ टेकवून थोडेसेच, ४५ अंशांपर्यंत, खाली सरकणे आणि पुढे पाटावर चढ-उतार. उभ्याने दुमडताना ४५ अंशांच्या पुढे वाटीवरील ताण झपाट्याने वाढतो. बसून वजन उचलण्याच्या यंत्रावर नेमके उलट होते. तेथे पाय सरळ होत असताना शेवटच्या टप्प्यात ताण अधिक. म्हणून व्यायामशाळेत जाणाऱ्यांना त्या यंत्रावर काटकोनापासून अर्ध्यापर्यंतच पाय उचलण्यास सांगावे. व्यायामाच्या वेळी थोडा शूल झाला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत विरला, तर मात्रा योग्य. दुसऱ्या दिवशी गुडघा जड किंवा सुजलेला असेल तर ती अतिमात्रा झाली.

येथे आसनांविषयी एक सूचना. जेवणानंतर वज्रासन हा सल्ला आपण सरसकट देतो. कपालिकेच्या शूलात वज्रासन, मलासन आणि दीर्घ काळ मांडी घालून बसणे शूल शमेपर्यंत वर्ज्य करावे. निदानपरिवर्जन म्हणतात ते हेच. जिन्यासाठी एक सोपा नियम रुग्णास पाठ करून द्यावा : चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावर. लोकलमध्ये दुमडून बसण्यापेक्षा मधूनमधून उभे राहिलेले बरे.

स्थानिक उपक्रमांत साम-निराम आणि शोथ पाहूनच क्रम ठरवावा. शोथ व उष्ण स्पर्श असताना जानुबस्ती करू नये. तेथे दशांग लेपासारखा लेप, विश्रांती आणि लंघन-पाचन. शोथ शमल्यावर रूक्ष, शूलप्रधान, मांसक्षय असलेल्या गुडघ्यास उडदाच्या पिठाची पाळी घालून सहचर, बला किंवा नारायण तैलाचा जानुबस्ती अर्धा तास द्यावा. पाळी केवळ वाटीभोवती न घालता वरची बाजू तीन अंगुळे अधिक घ्यावी. जानुबस्ती या नावाने हा विधी संहितांत येत नाही. तो शिरोबस्तीच्या धर्तीवरील अलीकडचा विस्तार आहे, म्हणून त्याचे नियम दगडावरील रेघ मानण्याचे कारण नाही. जानुबस्तीनंतरच्या तासाभरात, सांधा मृदू असताना, व्यायाम करून घेतल्यास आमच्या अनुभवात लाभ अधिक टिकतो. वाटीखालच्या कंडरेतील चिकट, एका बिंदूत बसलेल्या शूलास अग्निकर्माने चांगला उपशय मिळतो. मात्र मधुमेहात पायांची संवेदना मंदावली असल्यास ते टाळावे आणि मर्मस्थानी थेट डाग देऊ नये.

पन्नाशीपुढील खऱ्या क्षयात अस्थिगत विकारांसाठी चरकाचार्यांनी सांगितलेला तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृताच्या बस्तींचा मार्ग आम्ही अवलंबतो. स्थूल रुग्णात मात्र आधी मेदाचा विचार, मग बृंहण. पाच किलो वजन उतरले तर जिन्यातील प्रत्येक पावलाला वाटीवरचा सुमारे सोळा किलोंचा दाब उतरतो. रुग्णाला हे गणित कागदावर मांडून दाखवावे, पथ्याचे महत्त्व पटवण्यास तेवढे पुरते.

आभ्यंतर औषधांत योगराज, लाक्षादि किंवा त्रयोदशांग गुग्गुळ, महारास्नादि क्वाथ, शल्लकी यांचा वापर सर्वज्ञात आहे. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिक्षयावर केलेली, २०१३ साली प्रसिद्ध झालेली २४ आठवड्यांची तुलनात्मक चाचणी येथे नमूद करण्यासारखी आहे. तीत गुडूची, शुंठी, आमलकी, शल्लकी यांच्या अर्कांचे कल्प ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीस उतरले. आपण हा निष्कर्ष अभिमानाने सांगतो. त्याच अभ्यासात काही रुग्णांचे एसजीपीटी लक्षणांविना वाढले आणि औषध थांबवल्यावर खाली आले, हे मात्र सांगायचे राहते. दीर्घकाळ औषध द्यायचे असेल तर यकृताची तपासणी आम्ही आवर्जून करतो. गुग्गुळाच्या अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते, हे मुंबईतील संशोधकांनी १९९४ सालीच दाखवले आहे. हृद्रोगी रुग्णाची चालू औषधे विचारल्याविना गुग्गुळ लिहू नये. रक्त पातळ करणारी औषधे आणि गर्भावस्था यांतही तो टाळावा. आणि ‘एका पुडीत गुडघा थांबला’ असे सांगत कोणी अनामिक चूर्ण दाखवले, तर त्यात स्टेरॉइडची भेसळ असल्याचा संशय धरूनच पुढे जावे. ती पुडी एकाएकी बंद करू नये.

भरतीची तयारी करणारे रुग्ण

गेल्या काही वर्षांत एक वेगळा रुग्णवर्ग वाढला आहे. कल्याण ग्रामीण, अंबरनाथ, टिटवाळा भागांतील मुले-मुली पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. जाहिरात निघाली की शून्यावरून एकदम रोज पाच किलोमीटर. बूट झिजलेले, नाश्त्याला चहा-पाव. महिनाभरात वाटीमागे शूल सुरू होतो. अशा एका मुलीला ‘गुडघे झिजलेत, पळणे कायमचे बंद’ असा सल्ला मिळाला होता. वडील रिक्षाचालक, धाकटी दोन भावंडे आणि वयोमर्यादेला दोन वर्षे उरलेली. तिच्या स्कायलाईन चित्रात फट उत्तम होती. दुखऱ्या मांडीचा घेर दीड सेंटिमीटरने कमी आणि पाटावरून उतरताना गुडघा सरळ आत झुकणारा.

तिला धावणे सोडावयास सांगितले नाही. पहिले दोन आठवडे धावण्याऐवजी चालणे, पट्टीबंधन, सहचर तैलाचे स्नेहन आणि दिवसातून दोन वेळा वरील व्यायाम. आहारात दूध, उसळी, एक चमचा तूप. तिसऱ्या आठवड्यापासून मातीच्या मैदानावर एक दिवसाआड, दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे. आठवड्याला अंतर थोडेच वाढवायचे आणि पावले लहान पण जलद टाकायची. दहाव्या आठवड्यात मांडीच्या घेरातील फरक अर्ध्या सेंटिमीटरवर आला आणि ती ८०० मीटर न थांबता धावली. पुढील मैदानी चाचणीस ती उतरली. भरतीचा निकाल अनेक गोष्टींवर ठरतो. गुडघ्यामुळे ती बाहेर पडली नाही, इतकेच येथे नोंदवतो.

अशा तरुण रुग्णांत सहा ते बारा आठवडे नियमित व्यायामानंतर स्पष्ट सुधारणा अपेक्षित धरावी. ती न दिसल्यास व्यायाम खरोखर होतो आहे का, हे समोर करवून पाहावे आणि मग निदानाचा पुनर्विचार करावा. गुडघा अडकणे, एकाएकी निसटणे, वाटी वारंवार सरकणे किंवा शोथ परत परत येणे, यांपैकी काही असल्यास अस्थिशल्यतज्ज्ञाचे मत घ्यावे. वृद्ध रुग्णात तिन्ही कप्प्यांचा क्षय होऊन रात्रीची झोप आणि घरातले चालणेही हरपले असेल, तर संधिबदलाचा मार्ग रुग्णापासून लपवू नये. अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे २००० आणि २००१ साली मुंबईत बदलले गेल्यापासून या शस्त्रक्रियेची भीती सामान्यांत कमी झाली, आणि ऑगस्ट २०१७ पासून कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर शासनाने मर्यादा घातली. शस्त्रक्रियेपूर्वी सहा आठवडे मांडीचे बल वाढवून आणि वजन उतरवून दिलेला रुग्ण नंतर लवकर चालतो. म्हणून अशा रुग्णास चिठ्ठी देताना व्यायामाचा कागदही सोबत द्यावा आणि टाके निघाल्यावर पुन्हा येण्यास सांगावे.